लेख ढापला गेला: मेसेज, तक्रार, नोटीस की कोर्ट?

लालबागच्या मसाला गल्लीवर, उन्हाळ्यात तिथे मिरच्या घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांवर मी एक लेख लिहिला होता. चार महिन्यांनी तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. खाली माझ्या नावाच्या जागी 'व्हॉट्सअॅपवरून साभार'. पुढच्या आठवड्यात तोच लेख एका फेसबुक पेजवर दुसऱ्याच्या नावाने दिसला, माझ्या आईच्या तोंडच्या वाक्यांसकट. ती वाक्यं दुसऱ्याच्या आईची झालेली बघून मला रात्रभर झोप लागली नाही.

तुमच्यावर ही वेळ आली असेल तर कुणालाही एक अक्षर लिहिण्याआधी पुरावा गोळा करा. सुगावा लागला की पोस्ट उडते. लिंक, तारीख आणि नाव दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, ते कुठल्या फोनवर कधी घेतले ते लिहून ठेवा. वेबसाइट असेल तर वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर त्या पानाची प्रत साठवा. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र द्यावं लागतं, तेव्हा या नोंदी कामी येतात. 'मी कॉपीराइट कुठे नोंदवलाय?' म्हणून गप्प बसू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लिहिल्या क्षणापासून तुमचा असतो. नोंदणी ऐच्छिक आहे. साहित्यकृतीसाठी तिची फी ५०० रुपये आहे आणि वाद झाला तर ती प्रथमदर्शनी पुरावा ठरते, एवढाच तिचा फायदा.

आता तुम्हाला नक्की काय हवंय ते ठरवा: नाव, मजकूर खाली उतरवणं, की भरपाई? वाट त्यावर ठरते.

नाव हवं असेल तर साधा मेसेज. सोसायटीतल्या ज्या काकूंनी माझा लेख टाकला होता त्यांना मी फोन केला. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. त्यांनी त्याच रात्री माझ्या नावासकट तो परत टाकला. चोप्य-पस्ते करणारे बरेचसे लोक असेच असतात, त्यांच्यावर कायद्याची भाषा वापरणं मला अन्यायाचं वाटतं. पण जो मूळ नाव खोडून स्वतःचं घालतो त्याला ते ठाऊक असतंच. फेसबुक पेजवाल्याने माझा मेसेज वाचला आणि मला ब्लॉक केलं. अशा माणसाला दुसरा मेसेज पाठवण्यात दिवस घालवू नका.

मजकूर उतरवायचा असेल तर तक्रार. इथे दोन रस्ते आहेत आणि त्यांतला फरक फार थोड्यांना माहीत असतो. पहिला, कंपनीचा स्वतःचा कॉपीराइट फॉर्म. गूगल, फेसबुक या अमेरिकन कंपन्या १९९८ च्या डीएमसीए या तिथल्या कॉपीराइट कायद्याच्या पद्धतीने तक्रारी घेतात. मूळ लेखाची लिंक, चोरलेल्या मजकुराची लिंक, हक्क माझाच असल्याचं विधान, बस. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. समोरच्याने कंपनीकडे उलट हरकत घेतली आणि तुम्ही कोर्टात गेला नाहीत, तर मात्र मजकूर परत चढू शकतो.

दुसरा रस्ता आपल्या २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला, नियम ७५. लेखी तक्रार मिळाली आणि तिच्यात तथ्य वाटलं की कंपनीने ३६ तासांत मजकूर बंद करायचा, २१ दिवसांसाठी. ऐकायला हा रस्ता जास्त जोरकस वाटतो. पण तक्रारीतच तुम्ही हमी देता की दावा लावून २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणीन. आदेश आला नाही तर मजकूर पुन्हा खुला होऊ शकतो. एका लेखासाठी ही हमी देऊ नये असं माझं मत. मी फेसबुकचा फॉर्म भरला आणि पोस्ट उतरली. एक काळजी घ्या: तुमचं नाव आणि ईमेल समोरच्याकडे जाऊ शकतो. त्यासाठी वेगळा ईमेल काढा, आणि घरचा पत्ता टाळता येत असेल तर टाळाच.

वकिलाची नोटीस तेव्हाच, जेव्हा समोरच्याला पत्ता आणि अब्रू दोन्ही आहेत: दिवाळी अंक, प्रकाशक, क्लासवाले. निनावी पेजला नोटीस पाठवणार कुठे? नोटिशीची भाषा तोलूनमापून हवी, कारण कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० खाली निराधार धमकीविरुद्ध समोरचाच दावा लावू शकतो. खर्चाची भीती वाटणाऱ्या मैत्रिणींसाठी: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते.

कोर्टात मनाई हुकूम आणि भरपाई, दोन्ही मागता येतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळे चोरणारा नागपूरचा असला तरी तुम्ही राहता त्या मुंबईत दावा लावता येतो. त्याच कायद्याच्या कलम ६३ खाली गुन्हाही होतो, सहा महिने ते तीन वर्षं कैद. तो दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. ही ताकद अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ टेलिग्रामवर फिरते तेव्हा वापरावी. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने एका शिक्षिकेच्या अभ्यास साहित्याची चोरी करणाऱ्या चॅनेलवाल्यांचा तपशील टेलिग्रामला उघड करायला लावला होता.

यांपैकी काहीही करण्याआधी प्रामाणिकपणे तपासा, चोरलंय काय? पाककृतीतल्या जिन्नसांची यादी किंवा नुसती कल्पना कुणाची मालकी नसते, मांडणी असते. परीक्षणासाठी नावासकट दोन ओळी उद्धृत करणं ही चोरी नव्हे.

व्हॉट्सअॅपच्या फॉरवर्डपुढे मात्र यातलं काही चालत नाही. पहिला धागा सापडतच नाही. म्हणून आता मी नाव शेवटी टाकून थांबत नाही, लेखाच्या मध्यावर एखाद्या संवादात गुंफते, कुणीतरी मला नावाने हाक मारतं. मसाल्याचा लेख तसा दुरुस्त करून पुन्हा पाठवला. गेल्या महिन्यात तो बदलापूरच्या मावशीकडून परत आला. शेवटची ओळ छाटलेली होती, हाक शाबूत होती.