कोंबुचासाठी उन्हाळ्यातला गारवा: कंट्रोलर लावलेला फ्रिज की ओला टॉवेल?

मे महिन्यात सोलापुरात बाहेर ४२ अंश आणि स्वयंपाकघरात ३५ अंश असताना कोंबुचा (गोड चहा आंबवून केलेले पेय) करायचा, तर बरणीला गारवा कसा द्यायचा हा एकच प्रश्न उरतो. २४ ते २८ अंशांच्या आसपास यीस्ट आणि आम्ल तयार करणारे जिवाणू सांभाळून चालतात. त्यावर गेले की चहाचा स्वाद खुलण्याआधीच व्हिनेगर हाती येते. मी दोन उपाय वापरले आहेत: ठरवलेल्या तापमानानुसार फ्रिज चालू-बंद करणारा टेंपरेचर कंट्रोलर बाहेरून जोडलेला जुना एकदारी फ्रिज, आणि टबातल्या वीतभर पाण्यात ठेवलेल्या बरणीभोवती गुंडाळलेला सोलापुरी टर्किश टॉवेल.

अचूकतेत फ्रिजला तोड नाही. कंट्रोलरचा तापमान मोजणारा प्रोब हवेत लोंबता न ठेवता बरणीच्या पोटाला चिकटवून त्यावर थर्माकोलचा तुकडा बांधला, आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधी काही मिनिटांचा विलंब लावला, की फारसे पाहावे लागत नाही. दुपारी वीज गेली तरी बंद दाराआड तापमान लगेच चढत नाही.

मला खटकते ती ओल. २६ अंशांवर लावलेल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर थोडाच वेळ चालतो; तेवढ्यात आतली वाफ वरच्या फ्रीजरच्या पत्र्यावर धरते आणि कॉम्प्रेसर थांबला की ठिबकू लागते, तेही नेमके बरणीच्या तोंडावर बांधलेल्या फडक्यावर. पहिल्या टप्प्यात, म्हणजे चहा बरणीत आंबत असताना, जिवाणूंना हवा लागत असल्याने घट्ट झाकण लावण्याची सोय नाही. वर आडवे ताट ठेवून आणि रोज दार उघडून ओल कमी झाली, पण गेली नाही. दाराच्या रबरात काळी बुरशी धरत राहिली. कोंबुचावर बुरशी आली तर सगळा घाणा स्कोबीसकट (विरजणासारखी वापरायची यीस्ट-जिवाणूंची जाड साय) टाकावा लागतो, त्यामुळे ही बाब मला किरकोळ वाटत नाही.

टॉवेलचे तत्त्व माठाचेच आहे, आणि इथला उन्हाळा कोरडा असल्याने ते चांगले साधते. मुंबईच्या दमट हवेत मी त्याची शिफारस करणार नाही. पंख्याचा वारा लागला तर माझी बरणी खोलीपेक्षा सात-आठ अंशांनी गार राहते, असा अंदाज आहे. टॉवेल वापरून मऊ झालेला असावा आणि फडक्याच्या चार बोटे खालीच थांबावा, नाहीतर ओल तिथेही चढेल. बोअरच्या जड पाण्याने त्यावर पांढरे क्षार बसून तो पाणी ओढेनासा होतो. क्षार आम्लात विरघळतात, म्हणून त्यांवर अति आंबलेला कोंबुचाच उत्तम उतारा आहे. नळाला रोज पाणी नसलेल्या शहरात टब भरणे जिवावर येते, हे मान्य. परंतु डासांमुळे पाणी बदलावेच लागते आणि काढलेले पाणी कुंड्यांना चालते.

घर दिवसभर बंद राहत असेल किंवा एकाच वेळी बऱ्याच बरण्या लावायच्या असतील, तर फ्रिज घेणेच कदाचित सोयीचे ठरेल. एरवी एक उन्हाळा टॉवेलवर काढून मगच कंट्रोलरवर खर्च करावा, असे मी सुचवेन. माझा फ्रिज आता बाटल्यांत भरून फेस आणण्याच्या दुसऱ्या टप्प्यापुरता उरला आहे: डाळिंबाचा रस घातलेल्या बाटल्यांत वायूचा दाब उन्हाळ्यात फार लवकर वाढतो, आणि बंद बाटलीला वरून ठिबकणाऱ्या पाण्याचे काही वाटत नाही.