सीलबंद की पोर्टवाला? छोट्या खोलीतला पहिला सबवूफर
१० बाय १२ फुटांच्या खोलीत सबवूफर (फक्त खालचा बास वाजवणारा स्पीकर) घ्यायचा, तर माझं मत सीलबंद खोक्यालाच. खालच्या पट्टीत त्याचा आवाज दर सप्तकाला (म्हणजे वारंवारता निम्मी झाली की) साधारण १२ डेसिबलने उतरतो. पण छोटी खोली नेमका तिथलाच बास उचलून धरते, त्यामुळे तूट बरीचशी भरून निघते.

पोर्टवाला (खोक्याला हवेसाठी नळीसारखं भोक असलेला) तेवढ्याच वॉटमध्ये २०-३० हर्ट्झच्या आसपास जास्त दणका देतो. सिनेमातल्या स्फोटांना मजा येते, खालच्या मजल्यावरच्यांना येईलच असं नाही. मात्र पोर्ट ज्या वारंवारतेला जुळवलेला असतो, तिच्याखाली तो दर सप्तकाला साधारण २४ डेसिबलने कोसळतो, शिवाय खोकं अवाढव्य. हॉल मोठा आणि स्वयंपाकघराकडे उघडा असेल, तर तोच घ्या.

क्रॉसओव्हर (ज्या वारंवारतेखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) आधी ८० हर्ट्झवर ठेवा. कोपऱ्यात बास वाढतो, पण घुमतोही. सबवूफरची जागा बदलून ऐका.