गळ घेऊन डोंगरात: दोडीताल की गंगाबल?

पानशेत-मुळशीच्या काठावर गळ टाकून बसणाऱ्या पुणेकराला कधी ना कधी ट्राउटची ओढ लागते, आणि हा थंड पाण्याचा मासा आपल्या धरणांत मिळत नसल्यामुळे हिमालयाचा नकाशा उघडावाच लागतो. पायी चालून गाठायच्या तळ्यांमध्ये मग दोन नावे हमखास पुढे येतात: उत्तरकाशीजवळचे दोडीताल आणि काश्मीरमध्ये हरमुख शिखराच्या पायथ्याशी असलेले गंगाबल. मी दोन्हीकडे जाऊन आलो आहे, आणि माझे मत आधीच सांगून टाकतो. मासा हे मुख्य कारण असेल तर गंगाबलला जावे. चालणे मुख्य आणि गळ हा सोबतीचा छंद असेल तर दोडीताल अधिक सुखाचे आहे.

दोडीताल समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटरवर आहे. संगमचट्टीहून आगोडा, बेबरा, मांझी अशी सुमारे बावीस किलोमीटरची वाट बांज, बुरांस आणि देवदाराच्या जंगलातून हळूहळू चढत जाते. ती दोन दिवसांत चालली तर दम लागतो, पण जीव मेटाकुटीला येत नाही. गंगाबल साडेतीन हजार मीटरच्याही वर आहे आणि नारानागहून तिथवरचे अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास भरते. परंतु त्यात सुमारे १,३०० मीटरची चढाई कोंबलेली असून तिचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच, पाइनच्या जंगलातल्या अंगावर येणाऱ्या वाटेवर, संपवावा लागतो. आतकरवाडीतून सिंहगड चढायचा, माथ्यावर पिठलं-भाकरी न खाता तसाच दुसरा सिंहगड त्यावर रचून चढायचा, आणि तेही विरळ हवेत, अशी कल्पना केली म्हणजे अंदाज येईल.

हवेचा मुद्दा पुणेकरांनी विशेष गांभीर्याने घ्यावा. आपण साधारण ५६० मीटरवर राहतो आणि उंचीचा त्रास अडीच हजार मीटरच्या पुढे कोणालाही होऊ शकतो. तो दर रविवारी गड चढणाऱ्यालाही सोडत नाही. दोडीतालच्या वाटेवर आगोड्याचा मुक्काम शरीराला आपोआप वेळ देतो. गंगाबलला मात्र हा वेळ स्वतःहून काढावा लागतो: एक रात्र नारानागला आणि एक त्रुंखोलच्या कुरणावर काढून तिसऱ्या दिवशी तळे गाठणे शहाणपणाचे आहे. नारानागच्या मुक्कामात आठव्या शतकातल्या मंदिरांचे अवशेष पाहून होतात, हा वरचा लाभ. वाटेत लष्कराकडून ओळखपत्र तपासले जाते, त्यामुळे आधारकार्ड पिशवीच्या तळाशी ठेवू नये.

आता माशाविषयी. काश्मीरच्या पाण्यात ट्राउट १९०० साली ब्रिटनहून आणलेल्या अंड्यांतून रुजला, आणि तिथे गळाने मासेमारी करण्याची शिस्त तेव्हापासून मुरलेली आहे. मत्स्यव्यवसाय विभाग दिवसाचा आणि गळाच्या दांडीचा हिशेब धरून परवाना देतो. तो श्रीनगरलाच काढून बरोबर ठेवावा. शिवाय गंगाबलला एक नव्हे, दोन तळी मिळतात. गंगाबलचे पाणी ओढ्याने खालच्या नंदकोलमध्ये उतरते, आणि ओढा तळ्याला मिळतो ती जागा अख्ख्या काठापेक्षा अधिक फलदायी असते, कारण वाहते, प्राणवायूयुक्त पाणी आणि त्याबरोबर येणारे किडे यांची वाट पाहत ट्राउट तिथेच घुटमळतो.

तिथल्या पहिल्या पहाटेचा माझा फजितीचा अनुभव सांगण्यासारखा आहे. बोटे इतकी बधिर झाली होती की स्विव्हलच्या, म्हणजे दोरीला पीळ पडू न देणाऱ्या फिरत्या कडीच्या, नेढ्यातून तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) ओवायलाच दहा मिनिटे गेली. तंगूसही पानशेतला कटल्यासाठी वापरतो तो जाडजूड, ०.४० मिलिमीटरचा होता. पाणी इतके नितळ की स्पिनरच्या (पाण्यात गरगरणाऱ्या धातूच्या खोट्या आमिषाच्या) मागे येणारा मासा स्पष्ट दिसे. तो माझ्या बुटांपासून दोन हातांवर येई, क्षणभर थबके आणि सावकाश वळून निघून जाई. असे चार वेळा झाले. शेजारी तंबू टाकलेल्या एका काश्मिरी गृहस्थांनी न बोलता आपल्या रिळावरचा ०.२० चा तंगूस काढून दिला, आणि अर्ध्या तासात पहिला ट्राउट लागला. आपल्याकडच्या गढूळ पाण्यातली जाड तंगुसाची सवय तिथे चालत नाही.

दोडीतालमध्येही ट्राउट आहे आणि काठावरून तो दिसतोसुद्धा; पण तळे लहान आहे, आणि परवानगीचा विषय उत्तरकाशीच्या वन विभागाच्या अखत्यारीत येतो. चालायला लागण्यापूर्वी लेखी परवानगी हातात नसेल तर दांडी उत्तरकाशीच्या खोलीवरच ठेवावी. त्यात काठावर गणपतीचे मंदिर असून स्थानिक श्रद्धेनुसार हे त्याचे जन्मस्थान आहे. कसब्याच्या गणपतीला नमस्कार करून निघालेल्या माणसाने त्याच्याच दारात गळ टाकावा का, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी टाकला नाही. गंगाबलही काश्मिरी पंडितांसाठी पवित्र आहे आणि तिथे भाद्रपदात यात्रा भरते, म्हणून ते दिवस मी टाळतो आणि गळ शक्यतो नंदकोललाच टाकतो.

मोसम मात्र निर्णय बराच सोपा करतो. मुलांच्या शाळेमुळे मे महिनाच मोकळा असेल तर दोडीतालच निवडावे लागेल, कारण तेव्हा गंगाबलवर बर्फ असते. जुलै ते सप्टेंबर हा गंगाबलचा काळ. नेमके तेव्हा उत्तराखंडात पावसाने दरडी कोसळतात, आणि २०१२ च्या ऑगस्टमध्ये याच दोडीतालहून निघणाऱ्या अस्सीगंगेला आलेला पूर विसरण्यासारखा नाही. काश्मीरच्या बाबतीत वेगळी काळजी आहे: २०२५ च्या एप्रिलमधल्या पहलगामच्या हल्ल्यानंतर तिथली अनेक पर्यटनस्थळे काही काळ बंद होती, म्हणून वाट खुली असल्याची खात्री झाल्याशिवाय परत न मिळणारे पैसे भरू नयेत.

तयारीसाठी पाठीवर बारा किलो घेऊन राजगड-तोरणा ही चाल एकदा करून पाहावी. ज्यांना दुसऱ्या दिवशी कठड्याला न धरता ऑफिसचा जिना उतरता आला, त्यांनी श्रीनगरचे तिकीट काढावे. इतरांनी यंदा देहरादूनचे.