थिनरचा वापर कमी करून देणारी सल्लासेवा

भोसरीतील आमच्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यात रंगकामातून हवेत जाणारी द्रावके (रंग पातळ करणारी थिनरसारखी रसायने) कमी व्हावीत, म्हणून आम्ही एका सल्लागार संस्थेची सेवा घेतली. पावडर कोटिंगमध्ये, म्हणजे कोरडी रंगपूड भागावर बसवून तापवून पक्की करण्याच्या पद्धतीत, द्रावक जवळजवळ नसतेच. मात्र ते पक्के होण्यासाठी भाग साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो, त्यामुळे रबरी सील बसवलेल्या जोडण्यांसाठी त्यांनी पाण्यावर आधारित प्रायमर सुचवला, आणि हा निर्णय मला अचूक वाटला. रंग फवारणाऱ्या एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गनमुळे उडून वाया जाणारा रंग घटला, गन झाकणबंद टाकीत धुतल्यामुळे थिनरची खरेदीही. पावसाळ्यातील दमट हवेत हा प्रायमर सुकायला फार वेळ घेतो, हे मात्र त्यांनी आधी सांगितले नाही. रंगकामाच्या बूथमध्ये गरम हवेची सोय आम्हालाच मागाहून करावी लागली.