म्हापशात घेतलेला लोकरी जोड आणि एडमंटनचा पहिला बर्फ

डिचोलीहून लेकाकडे कॅनडातल्या एडमंटनला कायमची राहायला निघाले, तेव्हा म्हापशाच्या एका दुकानातून मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीचा आतून घालायचा जोड घेतला. पणजीत जानेवारीची पहाटही 20 अंशांच्या आसपास असते. त्यामुळे हा माल इथे मिळेल असं वाटलंच नव्हतं. दुकानातल्या बाईंनी आपणहून सांगितलं, "वैनी, मोजे दोन जोड न्या, ओले झाले की बदलायला." किती खरं होतं ते!

ऑक्टोबर सरायच्या आत बर्फ पडला. आधी मी सवयीने सुती बनियनच घालत होते. बसस्टॉपपर्यंत चालताना घाम आला, बनियन ओलं झालं आणि उभी राहिल्याबरोबर पाठीत गारठा शिरला. लोकर दमट झाली तरी ऊब सोडत नाही. उणे 12 मध्ये हा जोड आणि वर जाड कोट, एवढ्यावर मी निभावते.

काखेतली शिवण मात्र महिन्याभरात उसवली, ती मीच हाताने घातली. एवढ्या महाग वस्तूला हे शोभत नाही. थंड पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, पसरून वाळवा. हीटरवर टाकलेला माझा एक मोजा आटून नातवाच्या मापाचा झाला.

गावाहून भाची येतेय, तिला आणखी एक जोड आणायला सांगितलाय.