सैनिकांच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाची अपिले : काही महिन्यांच्या पाठपुराव्यानंतरचा अनुभव

माझे मेहुणे सुभेदार पदावरून निवृत्त होऊन ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतात. निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या लष्करी वैद्यकीय मंडळाने, म्हणजे रिलीज मेडिकल बोर्डाने, त्यांच्या उच्च रक्तदाबाचे अपंगत्व 30 टक्के आणि आजन्म ठरवले. परंतु हा आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही व सेवेमुळे बळावलेलाही नाही असे मत नोंदवल्याने निवृत्तिवेतनातील अपंगत्वाचा भाग नाकारला गेला. तेव्हापासून त्यांच्या अपिलांचे कागद मी सांभाळतो आहे. भिंड, मुरैना आणि ग्वाल्हेर या पट्ट्यात माजी सैनिकांची घरे पुष्कळ आहेत आणि लष्कर भागातली आपली मराठी कुटुंबेही त्यांत आहेत, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो.

अपिलाचा निकाल मुख्यतः एकाच कागदावर अवलंबून असतो, तो म्हणजे वैद्यकीय मंडळाची कार्यवाही, आणि तीतही मंडळाने आपल्या मताचे कारण जिथे लिहिलेले असते तो रकाना. नकाराच्या पत्रात हे कारण एखाद्या ओळीतच उतरवलेले असते. म्हणून अपील लिहिण्याआधी मूळ कार्यवाहीची प्रत हाती असणे अत्यावश्यक आहे. आम्हाला ती अभिलेख कार्यालयाकडून, म्हणजे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडून, साध्या अर्जाने मिळाली नाही. माहितीच्या अधिकाराखाली मागितल्यावर मात्र मिळाली. आजाराची सुरुवात शांतता क्षेत्रातील, म्हणजे लढाई वा कारवाई नसलेल्या भागातील, नेमणुकीत झाली, एवढेच कारण तिथे होते. त्या नेमणुकीच्या आधी मेहुण्यांनी अतिउंचावरील आणि दहशतवादविरोधी कारवाईच्या भागात सेवा केली होती, याचा उल्लेखही नव्हता. वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत अशा भागांतील सेवा उच्च रक्तदाबाच्या बाबतीत विचारात घ्यायला सांगितली आहे. आमच्या अपिलाचा सारा भर या एका मुद्द्यावर होता आणि तो तसाच असायला हवा, असे माझे ठाम मत झाले आहे.

कायद्याची बाजू सैनिकाला बरीच अनुकूल आहे. धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर सैनिक निरोगी होता असे गृहीत धरावे, नंतरची प्रकृतीची हानी सेवेमुळे झाली असे मानावे, आणि तसे नाही हे दाखवण्याचा भार सरकारवर राहील. वैद्यकीय मंडळाला आपल्या मताची कारणे द्यावीच लागतील. अर्थात निकाल कोणत्या नियमांखाली लागेल हे सेवेतून बाहेर पडण्याच्या तारखेवर ठरते. सप्टेंबर 2023 पासून नवे नियम लागू झाले आहेत, तेव्हा जुन्या निकालांचा आधार घेण्याआधी ती तारीख पाहावी.

पहिले अपील नकार मिळाल्यापासून सहा महिन्यांत करायचे असते. आमच्या पहिल्या अपिलाचे उत्तर मंडळाच्याच वाक्याची पुनरुक्ती करणारे होते. उंचावरील सेवेच्या मुद्द्याला त्यात उत्तर नव्हते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटले, कारण ज्या माणसाने उमेदीची वर्षे त्या बर्फात घालवली त्याला निदान त्याच्या मुद्द्याचे उत्तर तरी मिळायला हवे. दुसऱ्या अपिलात आम्ही नवे काही घातले नाही. नेमणुकांचा तक्ता, प्रत्येक ठिकाणची वैद्यकीय श्रेणी आणि भरतीच्या वेळचा तपासणी अहवाल तारखांनुसार जोडला, आणि अनुत्तरित राहिलेला मुद्दा पहिल्याच परिच्छेदात मांडला. ते मान्य झाले. आजार सेवेमुळे बळावला असे आता नोंदले गेले आहे.

रकमेचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. 100 टक्के अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या 30 टक्के रक्कम धरतात आणि त्याखाली प्रमाणानुसार. म्हणजे वेतन 50,000 रुपये असेल तर 30 टक्के अपंगत्वाचे 4,500 रुपये होतात, आणि तेच अपंगत्व वाढवून 50 टक्के धरले तर 7,500. अशी वाढ नियत वयोमानाने निवृत्त झालेल्यांनाही मिळाली पाहिजे, हे राम अवतार प्रकरणात डिसेंबर 2014 मध्ये ठरले आहे. आमच्या आदेशात मात्र तिचा उल्लेख नाही.

आमच्याच गल्लीतील एका वहिनींचे प्रकरणही मी पाहिले. त्यांचे यजमान रजेवर घरी येताना अपघातात गेले आणि त्यांना साधे कुटुंब निवृत्तिवेतन, ज्याचा सामान्य दर वेतनाच्या 30 टक्के आहे, सुरू झाले. मृत्यू सेवेशी संबंधित ठरला तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतन 60 टक्के असते, आणि युद्धात किंवा कारवाईत मृत्यू आला तर उदारीकृत निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाइतके. त्यांच्या बाबतीत तो प्रवास कर्तव्याचा भाग होता का, हाच प्रश्न आहे, आणि रजेचा आदेश, प्रवासाचे वॉरंट (सरकारी खर्चाने प्रवासाचा परवाना) व चौकशीचा अहवाल यांवाचून त्याचे उत्तर देता येत नाही. दुःखाच्या दिवसांत हे कागद कोणी मागून ठेवत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लवकर गेल्यास अर्ज लिहायला मदत मिळते.

दोन्ही अपिले संपल्यावर सशस्त्र दल न्यायाधिकरण असते. 2007 च्या कायद्याने ते स्थापन झाले. मध्य प्रदेशासाठी जबलपूरचे खंडपीठ आहे आणि तिथे एक न्यायिक व एक प्रशासकीय सदस्य बसतात. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो आणि उशीर झाल्यास कारण सांगावे लागते. अपंगत्वाची टक्केवारी वाढवून मिळावी यासाठी मेहुण्यांचा अर्ज आता तिथेच जाणार आहे. सोबत दुसऱ्या अपिलाचा आदेश, निवृत्तिवेतन देण्याचा आदेश (पीपीओ) आणि वैद्यकीय मंडळाची तीच कार्यवाही जोडली आहे.