समची उंटसफर : उंटवाले पास, तळ नापास

जैसलमेरपासून सुमारे 40 किलोमीटरवरच्या समच्या वाळूच्या टेकड्यांजवळ मार्चच्या सुरुवातीला आम्ही दोघे एका तंबू-निवासात दोन दिवस राहिलो. संध्याकाळची उंटसफर भाड्यातच धरलेली होती. गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी झाल्यामुळे नाच-गाण्यापेक्षा उंटांबद्दल लिहिणे मला अधिक जमेल. (जेवण उत्तम होते, केर-सांगरीची भाजी विशेष.) उंटावर बसून उंटाची पारख करणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणेच झाले असते, म्हणून दोन्ही दिवशी दुपारी तीनलाच उंटांच्या तळावर गेलो.

सात उंटांपैकी सहांची मदार उभी व भरीव होती. मदारीत पाणी नव्हे, चरबी साठते, आणि उपासमार झाली की ती आटून एका बाजूला कलंडते. सातवा नर बरगड्या दिसण्याइतका उतरला होता व तोंडातून फेस काढत होता. शेजारच्या पर्यटकांनी त्याला आजारी ठरवून टाकले. परंतु हिवाळ्यात माजावर येणारा नर चारा कमी खातो, टाळूची लाल पिशवी तोंडाबाहेर फुगवून गुरगुरतो आणि त्याच्या मानेमागच्या ग्रंथींतून काळपट स्राव गळतो, ही सारी लक्षणे त्याच्यात असल्याने मी त्याचे गुण कापले नाहीत. छातीखालचा काळा घट्टाही नैसर्गिक असतो, जखम नव्हे. नाकातली लाकडी खुंटी, जिला तिकडे गिरबाण म्हणतात, ती सर्वांची कोरड्या भोकात होती आणि दोरीही सैल होती.

माझी विनंती ऐकून उंटवाल्यांनी पलाणे, म्हणजे पाठीवरची लाकडी खोगिरे, उतरवली, तेव्हा एका मादीच्या मदारीमागे, लाकडी फळी टेकते नेमक्या त्या जागी, रुपयाएवढी ओली जखम दिसली. माशा बसत होत्या. तिच्या उंटवाल्याने गोधडीची घडी करून जखमेभोवती पोकळी ठेवली होती, पण तिला रांगेतून वगळण्याचा अधिकार त्याला नव्हता. तो अधिकार निवासाच्या व्यवस्थापकाकडे होता, आणि त्याने दुसऱ्या दिवशीही तीच मादी आमच्यापुढे उभी केली. आम्ही पायी गेलो.

मालवाहू जनावरांसाठीच्या 1965च्या नियमांत उंटाच्या पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा 250 किलो आहे. तीन धष्टपुष्ट माणसे आणि पलाण मिळून हा आकडा सहज गाठतात, तरीही तिघांच्या कुटुंबाला एकाच उंटावर बसवले गेले. त्याहून वाईट म्हणजे सफर सुरू होईपर्यंत सर्व उंट पुढचा पाय दुमडून बांधलेल्या स्थितीत उन्हात बसून होते. पन्नास पावलांवर निवासाची मोठी थोरली शेड होती, तिच्यात जीपगाड्या उभ्या होत्या. पाण्याची कुंडी भरलेली होती, परंतु उंटांना तिथे अंधार पडल्यावरच नेत.

पाचपैकी अडीच तारे, त्यातले दोन उंटवाल्यांचे. जाणाऱ्यांनी सकाळची फेरी मागावी, एका उंटावर एकानेच बसावे आणि चढण्यापूर्वी पलाण उतरवून पाठ दाखवायला सांगावे. आम्हाला एकाही उंटवाल्याने नाही म्हटले नाही.